बारा वर्षं ट्रकवर, तरी थिअरीत नापास

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारे अडतीस वर्षांचे आहेत, मूळचे सातारा जिल्ह्यातले. गावाकडे बारा वर्षं ट्रकवर होते. आधी सहा चाकी, मग दहा चाकी. पत्नी नर्स. तिच्या नोकरीमुळे हे कुटुंब अडीच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये, नॉर्थॅम्प्टनजवळ आलं. सहा वर्षांची मुलगी आहे. ते स्वतः एका गोदामात रात्रपाळी करतात. इथला कारचा परवाना त्यांनी काढला, मेडिकल करून लॉरीचा प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ परवानाही मिळवला. पण लॉरीच्या थिअरीत दोनदा नापास झाले. प्रश्नोत्तरांच्या पेपरात आधी ७९ आणि मग ८२, व्हिडिओच्या पेपरात ५५ आणि ६०. दुसऱ्या वेळचं घरी सांगितलेलं नाही. ओळखीतला एक जण म्हणतो, 'दीड हजार पौंड द्या, माझा माणूस तुमच्या जागी बसेल.' गावाहून वडील म्हणतात, 'ड्रायव्हरकीच करायची होती तर एवढ्या लांब कशाला गेलास?' इंग्रजी कच्चं असल्यानं हे आपल्याला जमणार नाही असं त्यांना वाटतं. ते विचारतात: तिसऱ्यांदा बसू, पैसे देऊ, की लॉरीचा नाद सोडू?

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी परत परत आले. 'ज्यानं जन्मात घाट उतरवला नाही तो पोरगा पास होतो आणि डोळे मिटून खंबाटकी उतरवणारा मी नापास.' तुमचा राग मला समजतो. पण दोन्ही निकालांचं कारण याच वाक्यात आहे असं मला वाटतं, त्याकडे येतेच.

आधी त्या दीड हजार पौंडांचं बोलू. ते मिटल्याशिवाय पुढचं बोलून उपयोग नाही. माझं उत्तर 'नाही' आहे, आणि त्यात पण-परंतु काही नाही. दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसणं आणि बसवणं हा इथे फसवणुकीचा गुन्हा आहे, त्यासाठी लोकांना तुरुंगवास झाला आहे. तुम्ही पत्नीच्या व्हिसावर इथे आहात. अशा खटल्याची झळ तुमच्यापुरती राहणार नाही. तो ओळखीचा माणूस आज गोड बोलतो, उद्या तुमचं गुपित त्याच्या मुठीत असेल. आणि हिशेबच करायचा तर प्रश्नोत्तरांच्या पेपरची फी २६ पौंड, व्हिडिओच्या पेपरची ११. दीड हजारांत हे दोन्ही पेपर चाळीस वेळा देता येतील. शिवाय या दोन पेपरांनी परवाना हातात येत नाही. पुढे केस स्टडीचा पेपर आहे, रस्त्यावरची परीक्षा आहे, आणि शेवटी गाडीभोवती फिरून 'हा माल कसा बांधाल, ही तपासणी कशी कराल' हे करून दाखवायची परीक्षा आहे. तिथे कुणाकुणाला बसवणार?

आता इंग्रजीचं. मी इथे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातले चार-पाच जण लॉरीच्या थिअरीला बसले, त्यांच्याबरोबर बसून मीही ते प्रश्न सोडवले आहेत, व्हिडिओ पाहिले आहेत. त्यामुळे तुम्हाला विचारते: कारची थिअरी तुम्ही याच इंग्रजीवर पास झालात ना? तिथे ५० पैकी ४३ लागतात, म्हणजे शेकडा ८६. लॉरीला १०० पैकी ८५. प्रमाण तेच आहे, उलट तसूभर कमीच. तुम्हाला ८२ पडले. ज्याचं इंग्रजी खरोखर आड येतं त्याला ८२ पडत नाहीत. तुम्हाला तीन गुण कमी पडले आहेत, भाषा नाही.

काही शब्द अडत असतील हे मान्य. पण ते पुस्तकी इंग्रजीचे नाहीत, धंद्यातले आहेत, आणि गाडीचं अंग न् अंग ठाऊक असलेल्या माणसाला ते लवकर कळतात. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो तो 'टेल स्विंग'. ट्रेलर मुडपून केबिनच्या अंगावर येतो ते 'जॅकनाइफ'. या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, नावं तेवढी नवी. खरा दगा देतात ते साधे दिसणारे शब्द. 'ब्रेक' आणि 'रेस्ट' आपण एकच धरतो. इथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचं तो ब्रेक, आणि दिवसाअखेर सलग ११ तासांची विश्रांती ती रेस्ट. प्रश्नात कुठला शब्द आहे त्यावर उत्तर फिरतं. तसंच 'हायवे कोड'मध्ये, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, जिथे 'मस्ट' लिहिलंय तिथे मागे कायदा उभा असतो, 'शुड' असेल तिथे ती सूचना असते. माझ्या वर्गातल्या एकाचे या दोन शब्दांपायी बरेच गुण जात होते.

परीक्षा बुक करतानाच इंग्रजी व्हॉइसओव्हर मागता येतो. हेडफोनमधून प्रश्न आणि पर्याय वाचून दाखवले जातात. पूर्वी कारच्या थिअरीला हिंदी, गुजराती, उर्दू अशा भाषांमधला आवाजही मिळायचा, तो २०१४ मध्ये बंद झाला. मराठी त्यात कधीच नव्हती. वाचण्यापेक्षा ऐकून तुम्हाला लवकर कळत असेल तर हा आवाज जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मग तुम्ही नापास का झालात? मला वाटतं, तुम्ही पेपर पुणे-बंगळुरू हायवेवरून दिलात. तुमचा अनुभव खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. डावीकडून चालणं, उजवीकडचं स्टिअरिंग, ओझ्याची गाडी उतारावर कशी ओढते, मागचं वाहन कुठे दिसेनासं होतं, हे तुमच्या हाडात आहे आणि इथेही उपयोगी आहे. पण काही गोष्टींत तोच अनुभव हात धरून चुकीच्या पर्यायावर नेतो. समोरच्याला डिपर मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, तू थांब'. 'हायवे कोड' सांगतो की दिवे उघडझाप करायचे ते फक्त 'मी इथे आहे' एवढं कळवायला. दुसरा कुठलाही निरोप त्यातून द्यायचा नाही, आणि समोरच्यानं दिवे दाखवले म्हणजे वाट दिली असंही धरायचं नाही. हॉर्नचंही तसंच. वस्तीतून जाताना रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायचा नाही. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरची लॉरी सर्वांत उजव्या लेनमध्ये न्यायची नाही. पुलावर उंचीची पाटी नसेल तर तो किमान १६ फूट ६ इंच उंच असतो हे गृहीत धरलेलं असतं; म्हणजे आपल्या गाडीची उंची फुटांत आणि मीटरमध्ये तोंडपाठ हवी. तुमची दहा चाकी एकसंध होती. इथे ट्रेलर जोडण्या-सोडण्यावर, हवेच्या नळ्यांच्या रंगांवर प्रश्न येतात: लाल इमर्जन्सीची, पिवळी सर्व्हिस ब्रेकची. हे अनुभवातून येणार नाही, पाठच करावं लागेल.

आणि तास. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा दहा चालतात. आठवड्याला ५६, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. तुम्ही लिहिलंय, 'आम्ही भाडं घेतलं की नागपूर येईपर्यंत चाक थांबवत नव्हतो.' आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले होते. ते तुम्हाला कुणी पाळू दिले नाहीत, हा दोष तुमचा नव्हे. पण चाक न थांबवणं हे कौशल्य होतं असं अजून वाटत असेल, तर तासांच्या प्रश्नांत गुण जाणारच.

आता व्हिडिओ. तुम्हाला सर्वांत जास्त लागलंय ते हेच, म्हणून इथे जरा थांबते. रस्त्यावरच्या क्लिप दाखवतात, धोका घडायला लागला की माउस क्लिक करायचा. एकूण १९ क्लिप असतात, त्यांत गुण मिळवून देणारे धोके २०, म्हणजे एका क्लिपमध्ये दोन. कुठल्या ते सांगत नाहीत. प्रत्येक धोक्याला जास्तीत जास्त पाच गुण, पास व्हायला १०० पैकी ६७. कारला ७५ पैकी ४४ लागतात, म्हणजे शेकडा ५९ च्या आतच. तुमचे ६० कारच्या मापानं पास आहेत! लॉरीची पट्टी वर आहे, आणि ती तशी असणं मला पटतं. इथे पूर्ण भरलेली गाडी ४४ टनांपर्यंत असते.

गंमत अशी की या पेपरात नवशिक्यासारखाच मुरलेला ड्रायव्हरही अडकतो, फक्त उलट कारणानं. नवशिका उशिरा क्लिक करतो. मुरलेला लवकर करतो. समजा रस्त्याकडेला व्हॅन उभी आहे, फुटपाथवर एक मुलगा चेंडू खेळतोय. तुम्ही व्हॅन दिसताक्षणी क्लिक केलंत, कारण बारा वर्षांच्या डोळ्यांना पुढचं दिसलं. पण मशीनच्या लेखी तो अजून 'होऊ शकेल असा' धोका आहे. गुणांची खिडकी उघडते ती मुलगा रस्त्याकडे वळतो तेव्हा, म्हणजे तुम्हाला खरोखर वेग कमी करावा लागेल किंवा स्टिअरिंग फिरवावं लागेल अशी हालचाल सुरू होते तेव्हा. उघडताच क्लिक केलं तर पाच, मग चार, तीन, असं घसरत शून्य. तुमचं क्लिक खिडकी उघडण्याआधी पडलं. पाहणं बरोबर होतं, गुण मात्र मिळाला नाही.

मग चिडून तुम्ही पुढच्या क्लिपमध्ये भराभर क्लिक केलंत आणि स्क्रीनवर सूचना आली की या क्लिपचे गुण शून्य. ठरावीक तालावर किंवा सतत क्लिक करणाऱ्याला मशीन असं बाद करतं. त्यामुळे करायचं ते एवढंच: शंका आली की एकदा, ती गोष्ट हलायला किंवा बदलायला लागली की दुसऱ्यांदा, आणि आता ब्रेक लावावाच लागणार असं वाटलं की हवं तर तिसऱ्यांदा. मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडा. माझ्या वर्गातल्या एका गृहस्थांना मी सराव करताना मोठ्यानं बोलायला लावलं: 'व्हॅन आहे... पोरगा आहे... वळला!' आणि 'वळला' या शब्दाला क्लिक. मराठीतच बोलायचे ते. आठवडाभरात हात तोंडाशी जुळला. परीक्षेत अर्थातच मनातल्या मनात.

प्रश्नांच्या सरावासाठी एक वही करा. आत्तापर्यंत तुम्ही फोनवरच्या अॅपवर शेकडो प्रश्न सोडवलेत, चुकलं की 'हां' म्हणून पुढे गेलात. त्यानं आपण नेमके कुठे चुकतो ते कळत नाही. वहीत तीन रकाने पाडा: 'शब्द अडला', 'नियम माहीत नव्हता', 'सवय आडवी आली'. चुकलेला प्रत्येक प्रश्न यातल्या एकाच रकान्यात लिहायचा, प्रामाणिकपणे. शब्द अडला असेल तर मराठी अर्थ लिहा. नियम नसेल माहीत तर तो आकड्यासकट. सवय असेल तर आपल्या रस्त्यावर आपण काय केलं असतं तेही लिहा. तिसऱ्या रकान्याचा राग येऊ देऊ नका. तुम्ही कुठून आलात त्याचाच तो हिशेब आहे, आणि तो कागदावर दिसला की पेपरात ती सवय ओळखता येते. नापास झालेल्या कुणालाही, मग तो कारच्या परीक्षेचा का असेना, मी हीच वही करायला सांगते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: दोन्ही वेळा रात्रपाळी संपवून, दोन तास गाडीत डुलकी काढून तुम्ही सकाळी परीक्षेला गेलात. दादा, थकलेल्या ड्रायव्हरनं काय करावं हा या पेपरातलाच विषय आहे. व्हिडिओत अर्ध्या सेकंदानं गुण जातात. दोन्ही पेपर एकाच दिवशी द्यायचीही सक्ती नाही. ते वेगवेगळे बुक होतात, एकात पास झालात तर ते टिकतं, फक्त दुसरा दोन वर्षांच्या आत सुटायला हवा. आधी प्रश्नोत्तरांचा घ्या, तिथे तुम्ही काठावर आहात. नापास झाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांनी पुन्हा बसता येतं म्हणून बसायलाच हवं असं नाही. आदल्या रात्री पाळी नसेल असा सुट्टीचा दिवस धरा. सरावात वेळ लावून, सलग चार-पाच पेपरांत ९२ च्या वर जाईपर्यंत पैसे भरू नका. पेपरला एक तास ५५ मिनिटं असतात, तुम्ही ते पाऊण तासात उरकून बाहेर आलात. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं, शेवटी परत येता येतं. तो वेळ तुमच्या हक्काचा आहे.

पत्नीला दुसऱ्या निकालाचं सांगितलं नाहीत. मला वाटतं आज रात्रीच सांगा. तुम्ही लिहिता, 'तिच्या जिवावर इथे आलो, आता तिच्यासमोर किती वेळा पडू?' पण विचार करा, ती इथे कशी आली? बाहेरच्या देशातून येणाऱ्या नर्सला आधी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, मग इथे येऊन परीक्षकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा द्यावी लागते. बरोबर उत्तर माहीत असूनही 'इथलं' उत्तर द्यायला शिकावं लागतं हे तिच्याइतकं तुमच्या घरात कुणाला कळणार? तुमचा पुढचा केस स्टडीचा पेपर, सात प्रसंग आणि त्यांवरचे प्रश्न, ५० पैकी ४० हवेत, तो तर तिला ओळखीचाच वाटेल. तिला वही दाखवा. मुलीलाही व्हिडिओच्या सरावात घ्या, 'वळला!' ओरडायला तिला आवडेल.

वडिलांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. त्यांनी जी ड्रायव्हरकी पाहिली त्यात मुलगा चार-चार दिवस घरी येत नव्हता, चेकनाक्यावर वाट पाहत होता, टायर फुटला तर पैसे त्याच्या पगारातून जात होते. तिथून सुटावा म्हणूनच ते तसं बोलत असतील. त्यांना एवढंच सांगा की इथे हा वेगळा परवाना आहे, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, इतक्या परीक्षा लागतात, आणि पास झाल्यावरही दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आणि या कामावाचून किती अडतं तेही सांगा: सप्टेंबर २०२१ मध्ये टँकरवर ड्रायव्हर कमी पडले तेव्हा इथल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या.

तरीही 'नाद सोडू का' हा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. लॉरीच्या काही कामांत आठवड्यातल्या चार-पाच रात्री केबिनमध्येच काढाव्या लागतात. पत्नीच्या पाळ्या, मुलीची शाळा, जवळ आजी-आजोबा नाहीत; हे तुम्हाला जमणार आहे का? नसेल तर दुकानांना माल पोचवणारी, रोज घरी परत येणारी कामंही असतात. नव्या परवान्यावर पहिली नोकरी मिळवणं सोपं नसतं, अनेक ठिकाणी इथलाच अनुभव मागतात. म्हणून कुठल्याही ट्रेनिंगवाल्याच्या हजारो पौंडांच्या पॅकेजवर सही करण्याआधी तुमच्याच गोदामाच्या डॉकवर विचारा. रात्री लॉऱ्या घेऊन येणारे ड्रायव्हर चहा पिता पिता खरं सांगतील: पगार काय, रात्री बाहेर किती, नव्याला कोण घेतं. काही कंपन्या गोदामातल्या आपल्याच माणसांना लॉरीचं प्रशिक्षण देतात, आवारातल्या आवारात ट्रेलर हलवणाऱ्या शंटरच्या कामापासून सुरुवात करून देतात. मॅनेजरला सरळ विचारा, 'मी थिअरी पास झालो तर पुढे काही वाट आहे का?' हे सगळं कळल्यावर लॉरी नको वाटली तर जरूर सोडा. मात्र निर्णय त्या माहितीवर घ्या, ८२ च्या आकड्यावर नको. रिजिड, म्हणजे एकसंध लॉरी घ्यायची की ट्रेलरवाली ते आत्ताच ठरवायची घाई नाही. थिअरी दोन्हींना एकच आहे.

उद्या दुपारी उठलात की वहीत रकाने पाडा आणि फक्त वीस प्रश्न सोडवा. महिनाभरानं मला पुन्हा लिहा, तीनपैकी कुठला रकाना सर्वांत लांब झाला ते सांगा. त्यावरून पुढचं बोलू.